चौथा संघ द्राक्षबागेत गेला तेव्हा

या प्रकरणातल्या संघांची खरी नावं दिलेली नाहीत. त्यांच्याजागी नाशिक जिल्ह्यातल्या किल्ल्यांची नावं घातली आहेत, आणि तीही मुद्दाम उलटसुलट, त्यामुळे कुठला किल्ला म्हणजे कुठली अकादमी हे शोधत बसू नये. मी त्या फुटबॉल स्पर्धेचा कार्यवाह होतो. नियमावली मी लिहिली होती. तेव्हा पुढे ज्या चुका येतील त्यांतल्या बऱ्याचशा माझ्याच खात्यावर आहेत.

पार्श्वभूमी

दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा, १४ वर्षांखालील मुलं, १२ संघ, पाच दिवस. गंगापूर रोडच्या बाजूला दोन मैदानं मिळाली होती, एका शाळेचं हिरवळीचं आणि रस्ता ओलांडून एक मुरमाचं. संघ सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड, देवळाली कॅम्प असे शहरातले आणि दोन द्राक्षपट्ट्यातल्या गावांचे. परवानगीचे अर्ज, पोलिसांना पत्र, रुग्णवाहिका, पाण्याचे जार, गोलच्या जाळ्या, फक्कीची पोती याबद्दल इथं लिहीत नाही. ते नीट पार पडलं. घोळ झाला तो कागदावर.

स्पर्धा आंतरराष्ट्रीय धर्तीवर घ्यायची हा हट्ट माझा होता. आपल्याकडे मुलांच्या स्पर्धा बहुतेक थेट बाद पद्धतीने होतात. सकाळी हरलं की दुपारी घरी. पालक सुट्टी टाकून, डबा बांधून पोराला आणतात आणि पन्नास मिनिटांत खेळ खलास. त्यापेक्षा गट पाडावेत आणि प्रत्येकाला किमान तीन सामने मिळावेत, असं माझं म्हणणं.

नमुना शोधायला लांब जावं लागलं नाही. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत महिलांचा एएफसी (आशियाई फुटबॉल संघटना) आशियाई चषक महाराष्ट्रातच झाला होता, नवी मुंबई, अंधेरी आणि पुण्यातल्या बालेवाडीत. त्यातही १२ संघ होते आणि चार-चारचे तीन गट. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे जातात, म्हणजे सहा झाले. उपांत्यपूर्व फेरीला आठ लागतात, म्हणून तीन गटांतल्या तीन तिसऱ्या संघांपैकी सरस दोन घ्यायचे. ही ‘सरस तिसरा’ भानगड ऐकायला सोपी आहे, राबवायला नाही. वेगवेगळ्या गटांत खेळलेल्या, एकमेकांशी कधी न भिडलेल्या संघांची तुलना करायची असते. शिवाय कुठल्या दोन गटांतून तिसरे आले त्यावर उपांत्यपूर्व फेरीच्या जोड्या बदलतात, कारण एकाच गटातल्या दोघांना लगेच पुन्हा भिडवायचं नसतं. तीन गटांत अशा तीनच शक्यता असतात. २०२६ च्या ४८ संघांच्या विश्वचषकात १२ गटांतून आठ तिसरे पुढे घ्यायचे, तिथं या शक्यता ४९५ होतात आणि तो तक्ता स्पर्धेआधी छापूनच ठेवावा लागतो.

आम्ही जोड्यांचा तक्ता उचलला. तिसऱ्या संघांचे गुण बरोबरीत आले तर आधी गोलफरक (केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा), मग एकूण गोल, मग कार्डं, शेवटी चिठ्ठ्या, हा क्रमही उचलला. ड्रॉसुद्धा रीतसर काढला. स्टीलच्या चार डब्यांत चिठ्ठ्या आणि एका आजोबांचा हात. मोठ्या स्पर्धेच्या नियमावलीत जे कंटाळवाणं कलम असतं, म्हणजे संघाने मध्येच माघार घेतली तर काय, तेवढं मी गाळलं. सगळे ओळखीचे, कोण कशाला माघार घेईल, असं वाटलं.

दोन दिवसांचे निकाल

क गटाकडे लक्ष ठेवा, पुढचं सगळं तिथंच घडलं. त्यात अंजनेरी, ब्रह्मगिरी, भास्करगड आणि गावाकडून आलेला अहिवंत.

पहिल्या दिवशी अंजनेरीने अहिवंतला ४–१ हरवलं आणि ब्रह्मगिरी–भास्करगड १–१ सुटला. दुसऱ्या दिवशी अंजनेरीने भास्करगडला २–० हरवलं. आणि मग दोन दिवसांतला सगळ्यात देखणा सामना झाला. अहिवंतने ब्रह्मगिरीला २–१ हरवलं. दोन्ही गोल एकाच मुलाचे, बुटका, डावखुरा. त्याचे बूट त्याला एक नंबर मोठे होते आणि पुढे कापूस कोंबलेला होता, हे त्यानेच फोटो काढताना सांगितलं. ब्रह्मगिरीच्या प्रशिक्षकांनी स्वतः जाऊन त्याची पाठ थोपटली.

अडचण

त्या रात्री दोनच्या सुमाराला अवकाळी पाऊस आला. सकाळी सहाला फोन वाजला. अहिवंतचे सर होते.

“सर, रात्री तीनपासून गावात ब्लोअर चालू आहेत. माझ्याकडे पाच पोरं आहेत.”

नाशिकमध्ये राहणाऱ्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर नोव्हेंबरात बागा फुलोऱ्याच्या आसपास असतात. त्यात पाऊस पडून घडांत पाणी थांबलं की डावणी, म्हणजे बुरशीचा रोग, आणि कूज. फवारणी काही तासांत झाली नाही तर वर्षाचं पीक हातचं जातं. संघाला आणणारी पिकअप एका बागायतदाराची होती, ती औषधं आणायला गेली होती. मुलांचे वडील ट्रॅक्टरवर, मुलं पाण्याच्या टाकीपाशी. फुटबॉलच्या नियमांप्रमाणे मैदानात किमान सात खेळाडू नसतील तर सामना सुरूच करता येत नाही. सरांनी दोन दिवस मागितले. दुपारी साडेतीनला त्यांचा सामना भास्करगडशी होता.

इकडे मैदानावर माळीकाकांनी हिरवळीवर टाच रोवून दाखवली. टाच उचलली तर खळग्यात लगेच पाणी भरलं. “आज खेळवाल तर दोन महिने इथं काही उगवायचं नाही,” ते म्हणाले. हे मात्र आम्ही ताबडतोब ऐकलं. २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला तेव्हा पावसाने गुवाहाटीचं मैदान खराब झालं आणि ब्राझील–इंग्लंड हा उपांत्य सामना ऐनवेळी कोलकात्याला न्यावा लागला होता. फिफाला हलवता येतो तर आम्हाला रस्ता ओलांडायला काय हरकत? सगळे सामने मुरमावर घेतले. तिथं पाणी ठरत नाही. गुडघे सोलवटतात, पण ते पोरांना चालतं.

पहिला निर्णय: अहिवंतच्या निकालांचं काय करायचं

सात वाजता पाच जणांची समिती पोह्यांच्या प्लेटा हातात घेऊन कट्ट्यावर बसली. चार वाटा पुढे आल्या.

थांबणं शक्य नव्हतं. मैदान पाच दिवसांसाठीच मिळालं होतं आणि सोमवारी शाळा उघडत होती. दुसरी सूचना, अहिवंतच्या पाच मुलांना एखाद्या अकादमीची दोन राखीव मुलं देऊन सात करायचे. दयाळू सूचना, पण चुकीची. खेळाडूंची यादी एकदा बंद झाली की बंद. विश्वचषकातही पहिल्या सामन्यानंतर जखमी गोलरक्षकाच्या जागी दुसरा गोलरक्षक घेता येतो, बाकी कुणी नाही. नाहीतर प्रत्येक जण गरजेप्रमाणे पोरं आणेल.

उरल्या दोन. एक म्हणजे भास्करगडला पुढे चाल देऊन ३–० विजय मांडायचा आणि अहिवंतचे आधीचे दोन निकाल कायम ठेवायचे. दुसरी, अहिवंतचे सगळे सामने रद्दबातल धरून गट तीन संघांचा समजायचा.

इथं मी २०२२ काढलं. त्या आशियाई चषकात भारताच्या संघात करोनाची लागण झाली. २३ जानेवारीला चायनीज तैपेईविरुद्ध नियमाप्रमाणे लागणाऱ्या १३ खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. भारताने माघार घेतली असं धरलं गेलं आणि इराणबरोबरचा ०–० हा आधीचा निकालही पुसला गेला. यजमान देश स्वतःच्याच स्पर्धेतून एका दिवसात बाहेर. आमचा नमुना तोच, मग निर्णयही तोच, असं मी म्हणालो.

समितीत एक जण बुद्धिबळाचे पंच आहेत. विदित गुजराथीच्या या शहरात फुटबॉलच्या समितीतही बुद्धिबळवाला निघतोच. त्यांनी शांतपणे मुद्दा मांडला. बुद्धिबळाच्या साखळी स्पर्धेत खेळाडू निम्म्याहून कमी डाव खेळून गेला तर त्याचे निकाल गुणतक्त्यात धरत नाहीत, पण निम्मे किंवा जास्त झाले असतील तर ते कायम राहतात आणि उरलेल्या डावांचे गुण समोरच्याला जातात. अहिवंत तीनपैकी दोन सामने खेळला आहे. भारत तीनपैकी एकच खेळला होता. “दोन्ही प्रकरणं एक नाहीत,” ते म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं, असं आज वाटतं. त्या सकाळी मला ते तांत्रिक वाटलं. आठ वाजता पुढचा सामना होता, पंच शिट्ट्या गळ्यात अडकवून उभे होते. आम्ही चार विरुद्ध एक मतांनी रद्दबातल ठरवलं.

या निर्णयाचा अर्थ काय होता ते पाहा. ब्रह्मगिरी आदल्या दिवशी मैदानावर हरली होती, तो पराभव पुसला गेला. भास्करगडला जिंकण्याची आशा असलेला एकमेव सामना गेला. आणि डावखुऱ्या पोराचे दोन गोलही गेले. शिवाय अंजनेरीच्या ज्या मुलाने अहिवंतवर तीन गोल मारले होते, तो सर्वाधिक गोलांच्या यादीत पहिल्यावरून एकदम खाली आला. त्याच्या आईचा फोन मला दुपारपर्यंत तीनदा आला. पिवळी कार्डं मात्र आम्ही कायम ठेवली. गोल खोटे आणि कार्ड खरं, हे कुठल्या तर्काने, असं त्या बाईंनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

आणखी एक छोटा निर्णय त्याच बैठकीत झाला. अहिवंतची अनामत जप्त करावी असं एकाने सुचवलं, कारण मोठ्या स्पर्धांत माघारीला दंड असतो. ते आम्ही फेटाळलं. त्यावर चर्चा दोन मिनिटंही चालली नाही.

दुसरा निर्णय, जो आम्ही घेतलाच नाही

गट तीन संघांचा झाला की एक संघ शेवटच्या सामन्यात बाहेर बसतो. वाचायला साधी वाटणारी ही गोष्ट फुटबॉलच्या इतिहासात चांगलीच गाजलेली आहे.

१९८२ च्या विश्वचषकात स्पेनमधल्या गिहोनला २५ जूनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया खेळले. त्यांच्या गटातला अल्जेरियाचा शेवटचा सामना आदल्या दिवशीच होऊन गेला होता. जर्मनी एका किंवा दोन गोलांनी जिंकली तर दोघंही पुढे आणि अल्जेरिया घरी, हे दोघांनाही ठाऊक होतं. जर्मनीने सुरुवातीलाच गोल केला आणि उरलेला वेळ दोघांनी चेंडू इकडून तिकडे ढकलला. अल्जेरियाचे पाठीराखे प्रेक्षकांत उभे राहून नोटा हलवत होते. १९८६ पासून विश्वचषकात गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होतात, ते या प्रकरणामुळे. २०२६ साठी आधी तीन-तीनच्या १६ गटांचं ठरलं होतं, तेही २०२३ मध्ये सोडून देऊन पुन्हा चारचे गट केले. तीनच्या गटात शेवटचे सामने एकाच वेळी लावताच येत नाहीत, हा त्यातला मोठा धोका होता.

हे सगळं मला पाठ होतं. गावोगावच्या कार्यशाळांत मी हे रंगवून सांगतो. आणि त्या सकाळी रद्दबातल शब्द उच्चारताना आपण स्वतः तीनचा गट तयार करतोय हे माझ्या डोक्यात आलं नाही.

गणित असं झालं होतं. अंजनेरीचे ३ गुण. ब्रह्मगिरी आणि भास्करगडचा प्रत्येकी १. भास्करगडचे दोन्ही सामने संपलेले, गोलफरक उणे दोन. अंजनेरी–ब्रह्मगिरी सामना बरोबरीत सुटला किंवा ब्रह्मगिरी एका गोलाने हरली, तरी दोघं वर आणि भास्करगड तिसरा.

साडेतीनचा अहिवंतचा सामना गेल्यामुळे हा सामना सव्वाचारला एकटाच लागला. नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला अंधारायला लागतं आणि दिवे नव्हते, त्यामुळे आणखी मागे नेता येत नव्हता. नवव्या मिनिटाला अंजनेरीचा गोल झाला. पहिला अर्ध बरा गेला. दुसऱ्या अर्धात, साधारण दहा मिनिटं गेल्यावर, अंजनेरीच्या बचावफळीतल्या मुलाने चेंडू पायाखाली घेतला आणि ब्रह्मगिरीचं कुणी त्याच्याकडे धावलंच नाही. त्याने डावीकडे दिला. तिकडून परत त्याच्याकडे. मग गोलरक्षकाकडे. मुलांना कुणी सांगितलं होतं असं मी म्हणणार नाही. पण बाजूच्या रेषेवरून “रिस्क नको, रिस्क नको” हे मी कानांनी ऐकलं, दोन्ही बाजूंनी.

भास्करगडची पोरं कंपाउंडच्या भिंतीवर पाय सोडून बसली होती, पूर्ण गणवेशात. सामना आपला नाही हे कळूनही त्यांनी बूट बांधले होते. त्यांतल्या एकाने खाली उडी मारली, बूट सोडले, एकमेकांना बांधून गळ्यात अडकवले आणि सायकलकडे निघून गेला. सामना संपायला अजून आठेक मिनिटं होती.

१–० संपला. पंचांच्या अहवालात ‘विशेष काही नाही’ असं लिहिलं आहे, आणि नियमाच्या चौकटीत ते खरंच आहे.

तिसरा निर्णय: सरस तिसरा कोण

सहा वाजता धोडपचे प्रशिक्षक टेबलापाशी आले. नाशिकरोडच्या बाजूचे, वयाने मोठे, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी वहीचं एक पान पुढे सरकवलं.

“साहेब, तिसरे कसे काढणार तेवढं सांगा.”

त्या पानावर तीन ओळी होत्या. अ गटातला धोडप, तीन सामन्यांत ३ गुण, कारण त्यांनी तळाच्या अंकाईला ५–० हरवलं होतं. ब गटातला हातगड, तीन सामन्यांत ४ गुण. क गटातला भास्करगड, दोन सामन्यांत १ गुण.

सरळ गुण मोजले तर हातगड आणि धोडप पुढे. सामन्यामागे सरासरी काढली तरी तेच. पण तीनच्या गटातल्या तिसऱ्याला तळाच्या संघाशी खेळायची संधीच मिळालेली नसते. म्हणून २०२२ मध्ये तुलना करताना चारच्या गटांतल्या तिसऱ्या संघांचे चौथ्या संघाविरुद्धचे निकाल वगळले गेले. तो नियम लावला की धोडपचा ५–० गळतो आणि उरतात दोन पराभव, ०–१ आणि १–२. म्हणजे शून्य गुण. हातगडचा तळाच्या मार्कंड्याविरुद्धचा विजय गळूनही १ गुण आणि उणे एक गोलफरक राहतो. भास्करगडचा १ गुण आणि उणे दोन. धोडप बाहेर, भास्करगड आत.

“आमचे तीन, त्यांचा एक, आणि घरी आम्ही?” धोडपचे प्रशिक्षक म्हणाले. एवढंच म्हणाले.

भास्करगडचे प्रशिक्षक तोवर पोचले होते. ते तरुण, आणि दुपारच्या सामन्याने आधीच तापलेले. “सकाळी रद्द करताना २०२२ चा नियम. मग आता पण २०२२ चाच लावा. अर्धा नियम कसा घेता?”

दोघांचंही म्हणणं रास्त होतं आणि हीच खरी पंचाईत. नियमावलीत एक ओळ असती तर दोघांपैकी एक जण चरफडत का होईना पण घरी गेला असता. आता सगळे निकाल सगळ्यांना माहीत होते. आम्ही जी ओळ लिहू ती नियम राहणार नव्हती, ती निवड होणार होती, आणि कुणाची ते नाव घेऊन सांगता येणार होतं. समितीतल्या एकाचा पुतण्या धोडपमध्ये खेळत होता. तो माणूस सरळ आहे, त्याने स्वतःच बैठकीतून उठून जायची तयारी दाखवली. पण बाहेर व्हॉट्सॲपवर पुतण्याचा फोटो फिरायला लागला होता.

चिठ्ठ्या टाकाव्यात अशीही सूचना आली. त्याला आधार आहे. १९९० च्या विश्वचषकात आयर्लंड आणि नेदरलँड्स सगळ्याच बाबतीत सारखे निघाले आणि दुसरा-तिसरा क्रमांक चिठ्ठी काढून ठरला. पण तिथं दोघं खरोखर सारखे होते. इथं दोघं सारखे नव्हते, आम्हीच काय मोजायचं ते ठरवू शकत नव्हतो.

रात्री साडेआठला ठरलं की दुसऱ्या दिवशी सकाळी सातला धोडप आणि भास्करगडने एकमेकांशी खेळावं आणि जिंकेल त्याने उपांत्यपूर्व फेरीत जावं. दोन्ही प्रशिक्षकांनी सही केली. मला त्या क्षणी हा फार शहाणपणाचा तोडगा वाटला.

काय झालं

सकाळी सातला मुरमावर दव होतं आणि मुलांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. सामना ०–० सुटला. पेनल्टींवर धोडप ४–३ जिंकला. भास्करगडच्या ज्या मुलाची पेनल्टी बारला लागली, तोच काल भिंतीवरून उतरून सायकलकडे गेलेला. धोडपच्या गोलरक्षकाने त्याला उचलून उभं केलं.

तोपर्यंत रामशेज आणि अंजनेरी या दोन गटविजेत्यांना आपला प्रतिस्पर्धी माहीत नव्हता. धोडप आला तर अंजनेरीसमोर धोडप आणि रामशेजसमोर हातगड. भास्करगड आला असता तर रामशेजसमोर भास्करगड आणि अंजनेरीसमोर हातगड. हातगडही लटकलेला. तीन संघांचे पालक सकाळी आठ वाजता आम्हाला विचारत होते की आमचा सामना किती वाजता. साल्हेर–ब्रह्मगिरी आणि हरिहर–मुल्हेर या दोन सामन्यांवर मात्र काही अवलंबून नव्हतं, ते सकाळीच उरकले.

धोडप–अंजनेरी दुपारी चारला झाला. धोडपची मुलं त्याच दिवशी दुसऱ्यांदा उतरत होती. ०–४ हरली. तिसऱ्या गोलानंतर त्यांचा मधल्या फळीतला मुलगा पोटरी धरून खाली बसला, पेटके आले होते. त्याचे प्रशिक्षक पाण्याची बाटली घेऊन आत गेले आणि जाताना माझ्याकडे एकदा पाहिलं.

पाचव्या दिवशी हिरवळ वाळली. उपांत्य आणि अंतिम सामने तिथंच झाले आणि चांगले झाले. बक्षीस समारंभात सर्वाधिक गोलांचं बक्षीस आम्ही दिलंच नाही. ट्रॉफी आणलेली होती, ती खोक्यातच परत गेली.

दुसऱ्यांदा केलं तर

प्लेऑफबद्दल, म्हणजे धोडप–भास्करगड या जादा सामन्याबद्दल आधी. बाहेरून अनेकांनी त्याचं कौतुक केलं, ‘मैदानावर निकाल लागला’ म्हणून. मला ते पटत नाही. तो सामना आमची चूक झाकायला होता आणि तो मुलांना त्यांच्या पायांनी खेळावा लागला. २०२२ चा नियम सकाळी घेतला होता तर संध्याकाळीही तोच पुढे न्यायला हवा होता आणि धोडपच्या प्रशिक्षकांसमोर उभं राहून ते सांगायला हवं होतं. कठीण होतं, पण ते काम आमचं होतं.

मुळात सकाळी सातला आम्ही एकच प्रश्न विचारला, अहिवंतच्या निकालांचं काय. खरं तर माघार ही एक घटना असली तरी तिच्यामागे प्रश्नांची माळ येते. निकाल, गोलांची यादी, कार्डं, शेवटच्या सामन्याची वेळ, तिसऱ्यांची तुलना, जोड्या, अनामत. पहिल्याचं उत्तर देताना बाकीची सहा उत्तरं त्याच कागदावर लिहिली असती, तर दोन गोष्टी सुटल्या असत्या. धोडपच्या प्रशिक्षकांना स्वतःच्या शेवटच्या सामन्याआधी कळलं असतं की अंकाईवरच्या ५–० चा उपयोग होणार नाही. आणि अंजनेरी–ब्रह्मगिरी सामन्यातला संशय जवळजवळ संपला असता. चौथ्याविरुद्धचे निकाल वगळायचं आधी जाहीर झालं असतं, तर धोडपचे शून्य गुण पाहता क गटातले तिन्ही संघ पुढे जाणार हे सव्वाचारलाच उघड होतं. तसं झालं असतं तर तो सायकलवाला मुलगा कदाचित भिंतीवर बसून राहिला असता.

बुद्धिबळवाल्यांचा नियम? तो लावला असता तर भास्करगड ४ गुणांनी दुसरा आला असता आणि ब्रह्मगिरी बाहेर पडली असती. म्हणजे ओरड झालीच असती, फक्त दुसऱ्या दिशेने. पण अहिवंतची दोन दिवसांची मेहनत कागदावर राहिली असती, आणि तीनपैकी दोन सामने झालेले असताना ते मला जास्त न्याय्य वाटतं. समितीतल्या दोघांना अजूनही पटलेलं नाही.

तारखांचंही बोललं पाहिजे. द्राक्षपट्ट्यातले संघ बोलवायचे आणि स्पर्धा फुलोऱ्याच्या आठवड्यात ठेवायची, हे नाशिककरांनी करू नये. कतारचा विश्वचषक उन्हामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात ढकलला गेला. आम्हाला फक्त एक फोन सरांना करून ‘तुमच्याकडे छाटणी कधी झाली’ एवढं विचारायचं होतं. पुढच्या वर्षीची स्पर्धा आम्ही छाटणीच्या आधी घेतली. पावसाळ्याचं शेपूट अंगावर आलं, पण अहिवंत पूर्ण संघ घेऊन आला. डावखुऱ्या पोराला तोवर बूट बरोबर बसत होते.

नव्या नियमावलीत माघारीचं कलम आहे. निम्म्याहून कमी सामने झाले असतील तर रद्दबातल, निम्मे किंवा जास्त झाले असतील तर निकाल कायम आणि उरलेल्यांना पुढे चाल. रद्द झालेल्या सामन्यांतले गोल गोलवीरांच्या यादीत धरायचे. गट तीनचा झाला तर तिसऱ्यांची तुलना कशी, आणि शेवटच्या सामन्याआधी किती वाजेपर्यंत ते जाहीर करायचं, हेही आहे. मसुदा सगळ्या प्रशिक्षकांना पाठवला होता. सगळ्यांचं ‘ओके’ आलं, कुणी अंगठा पाठवला. धोडपच्या प्रशिक्षकांचा मात्र फोन आला.

“साहेब, वाचलं. चांगलं आहे. पण एकाच गटातल्या दोघांनी माघार घेतली तर?”

त्या कलमापुढे सध्या पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलेलं आहे. येत्या रविवारी बैठक आहे.